दुपारी दोन-चाळीसची नोंद

शनिवार, दिनांक ११ जानेवारी २०२५. सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटे. या वेळी आम्ही पायथ्याच्या धनगरवाड्यातून चढायला सुरुवात केली आणि या वेळीच, पहिले पाऊल टाकण्याआधी, या प्रकरणातले पहिले चुकीचे विधान झाले. म्हणून मी प्रारंभ तेथून धरतो.

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. देवस्कीवर नाही, कौलावर नाही. गूढ अनुभवांच्या अशा सदरांत लोक हे वाक्य लिहितात आणि शेवटी ‘पण त्या दिवसापासून...’ असे म्हणून माघार घेतात. मी माघार घेणार नाही. जे घडले ते जसेच्या तसे लिहितो. त्याचा अर्थ वाचकांनी मला समजावून सांगण्याची तसदी घेऊ नये.

मी देवबागचा. वय एकाहत्तर. मोजणी खात्यात भूकरमापक म्हणून लागलो, निमतानदार म्हणून निवृत्त झालो. निमतानदार म्हणजे इतरांनी केलेली मोजणी तपासणारा. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी एक खोटी नोंद केली. ती अशी.

सिंधुदुर्गाच्या पूर्वेला घाटमाथ्यावर एक सुळका आहे. लोक त्याला शिवेचा माथा म्हणतात. पश्चिमेला आपले कोकण, पूर्वेला कर्नाटक. माथ्यावर हद्दीचा घडीव दगड आहे. उंची नऊशे मीटरच्या आतबाहेर. पायथ्याच्या गावाचे नाव मी देत नाही. लोक उगाच गर्दी करतील. ६ मार्च १९८६ रोजी हद्दीच्या खुणांच्या तपासणीसाठी मला तेथे पाठवले होते. खूण जागेवर आहे का ते पाहायचे, दगडावर तांबड्या रंगाने क्रमांक, तारीख, वेळ व सही घालायची, आणि नोंदवहीत तसे लिहायचे. माथ्याच्या खाली एक कातळाचा टप्पा आहे, दोन पुरुष उंच, डावीकडे सरळ दरी. त्या टप्प्याखाली अंजनीचे झाड आहे. मी त्या झाडापर्यंत गेलो. वेळ एक-पन्नास. पुढे गेलो नाही. मी घाबरलो. दुसरे कारण नाही.

झाडाखाली बसून मी हिशेब केला — चढायला इतका वेळ लागला असता, रंगवायला इतका — आणि नोंदवहीत लिहिले : ‘खूण जागेवर आहे. प्रत्यक्ष पाहिली. वेळ दुपारी २.४०.’ रंगाचा डबा न उघडता दरीत टाकला.

एवढेच असते तर कदाचित मी ते विसरलोही असतो. परंतु १९९९ साली माझ्या हाताखालच्या विलास परब नावाच्या तरुण भूकरमापकाने एका गावच्या खुणा जागेवर न जाता ‘पाहिल्या’ असे लिहिले. मी ते पकडले. माझ्या अहवालातले वाक्य मला पाठ आहे : ‘ज्याने न पाहता पाहिले असे लिहिले, तो या खात्यात राहण्यास योग्य नाही.’ अहवाल लिहिण्याच्या आदल्या दिवशी मी माझी ८६ सालची नोंदवही कपाटातून काढून पाहिली होती. २.४० ही वेळ तेथे होती. वही परत ठेवली आणि अहवाल पाठवला. परबची बदली झाली. पुढे दोन वर्षांत त्याने नोकरी सोडली.

गेल्या नोव्हेंबरात मी ठरवले की त्या माथ्यावर जायचे. दगड पाहायचा, आणि मग खात्याला खरे काय ते लिहायचे. आधी पाहणे, मग लिहिणे. क्रम महत्त्वाचा.

घरी मी फक्त एवढेच सांगितले की एक दिवसाचा ट्रेक करणार आहे. आमची ही भांडी विसळत होती. तिने नळ बंद केला.

“ह्या वयात डोंगार कित्याक व्हयो तुमका? हयसर समुद्र आसा, खाडी आसा. व्हया तर खाडयेत उडी मारा, लगेच गावतल्यात.”

“तयारीसाठी सात आठवडे घेणार आहे. धोका मर्यादित राहील.”

“घरात तरी हापिसातला बोलू नकात,” ती म्हणाली आणि नळ सोडला.

माझी मुलगी अनघा कुडाळला शाळेत शिक्षिका आहे. ती सह्याद्रीत बरीच फिरलेली आहे. तिला मी आराखडा दाखवला. जुनी टोपोशीट, म्हणजे भूभागाचा नकाशा, काढून समोच्च रेषांवरून चढाचा छेद कागदावर उतरवला होता. वाटेचे पाच टप्पे केले. प्रत्येक टप्प्याला अंतर, चढ, वेळ आणि राखीव वेळ. माणशी चार लिटर पाणी, कारण दुसऱ्या सपाटीनंतर एकच झरा आणि त्याचा भरवसा नाही. परत फिरण्याची वेळ साडेबारा — असू तेथून. खाली ‘कातळटप्पा’ असे लिहून त्यापुढे ‘भीती : दहा मिनिटे’ असे लिहिले होते.

अनघाने कागद दोनदा वाचला. “बाबा, भीतीला टाइम स्लॉट देणारा माणूस मी पहिल्यांदा बघतेय.”

“ती येणार हे माहीत आहे. माहीत असलेली गोष्ट आराखड्यात धरायची असते.”

“आणि अकरा मिनिटं लागली तर?”

“राखीव वेळ पाच मिनिटे आहे.”

ती हसली आणि बरोबर यायला तयार झाली. तिची अट एकच : डॉक्टरांकडे जाऊन यायचे. गेलो. गुडघे सोडून सर्व ठीक निघाले.

देवबागेत चढ नाही. आमची सर्वांत उंच जागा म्हणजे पाण्याच्या टाकीचा जिना. म्हणून मी पाठीवरच्या पिशवीत दहा किलो वाळू भरून रोज सकाळी किनाऱ्याच्या भुसभुशीत वाळूतून खाडीच्या संगमापासून तारकर्लीच्या दिशेने चालत असे. आठवड्यातून दोनदा मालवणच्या पुढे सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, चढत-उतरत असे. पर्यटकांना बोटीने फिरवणारा आमचा शेजारी बाळू रोज दिसायचा. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलेच.

“अण्णानू, पिशयेत काय?”

“वाळू.”

“वाळू पाठीर घेवन वाळयेतसून चलतास? मगे मी पण उद्यापासून बोटीत समुद्राचा पाणी भरून ठेवतंय.”

मी चालत राहिलो. पाचव्या आठवड्यापर्यंत मी विनाथांबा दोन तास चालू लागलो होतो, आणि बाळूने पर्यटकांना मला दाखवायला सुरुवात केली होती.

वाटाड्या हवा होता. वनखात्याच्या माणसाने जानू झोरे याचा नंबर दिला. पन्नाशीचा, धनगरवाड्यातला. फोनवर माझे नाव सांगताच तो म्हणाला, “म्हायत आसा सायबानू. तुमच्यावांगडा माजो बापूस गेल्लो.” ते खरे होते. ८६ साली आम्हाला वाट दाखवणारा झोरे म्हातारा हा त्याचा बाप. तो आता हयात नाही.

आता ११ जानेवारीची सकाळ.

वाड्याच्या वर पन्नास पावलांवर शिवेचा देव आहे. एक उभा पाषाण, शेंदूर नाही, वर छप्पर नाही. माथ्यावर जाणाऱ्याने तेथे गाऱ्हाणे, म्हणजे देवाला साकडे, घालून पुढे जायचे, अशी रीत. अनघाने बूट काढले. मी काढले नाहीत. जानूने नारळ ठेवला, पानाचा विडा ठेवला आणि हात जोडले.

“बा शिवेच्या म्हाराजा, आज हे देवबागचे सायेब नि त्येंचा चेडू तुज्या माथ्यार चललेत. सायेब दुसऱ्या खेपेक चललेत. त्येंका वाट दी, पाय सांभाळ, गेले तशे परत हाड...”

“पहिल्या,” मी म्हणालो.

जानू थांबला.

“दुसऱ्या खेपेला नाही. पहिल्या. मी आधी माथ्यावर गेलेलो नाही. दुरुस्त करा.”

“बाबा...” अनघा म्हणाली.

“माझा देवावर विश्वास नाही, हे वेगळे. पण माझ्या नावाने विधान होत असेल तर ते बरोबर असले पाहिजे. मग ते तहसीलदारापुढे असो की दगडापुढे.”

जानू पाषाणाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिला. “बापाशीन वर व्हरल्यान तो दुसरो कोण होतो मगे?”

“मीच होतो. झाडापर्यंत.”

“सायबानू, घातलेला गाऱ्हाणा मागे घेवक येना नाय. देवान आयकल्यान ता आयकल्यान.” त्याने नारळ फोडला, एक शकल ठेवले, एक अनघाला दिले. मला दिले नाही. आम्ही निघालो. सहा-पन्नास.

चढाबद्दल विशेष लिहिण्यासारखे नाही. पहिली सपाटी आठ-दहाला आली. आराखड्यात आठ-पंधरा होती. खिंडीत नऊ-पस्तीसला पोचलो. उजवा गुडघा दुखू लागला, तोही अपेक्षेप्रमाणे. जानू पुढे, मी मध्ये, अनघा मागे. बोलणे बेताचे. शहाऐंशी साली माझ्याबरोबर दोन चेनमन होते. मोजणीची साखळी धरणाऱ्यांना चेनमन म्हणत. ते खिंडीतच थांबले होते. पुढे फक्त मी आणि झोरे म्हातारा. ही बाब मी मुद्दाम नमूद करतो. पुढे उपयोगी पडेल.

अंजनीच्या झाडाखाली दहा-पंचेचाळीसला बसलो. झाड वाढलेले नाही, की मला तसे वाटले. घाटमाथ्यावरच्या वाऱ्यात झाडे फार वाढत नाहीत. वर कातळाचा टप्पा तसाच. तेथे मी अनघाला सर्व सांगितले — भीती, खोटी वेळ, दरीत टाकलेला डबा, परब. जानूही ऐकत होता. आवाज कमी करण्याचे मला कारण दिसले नाही.

अनघाने पाण्याची बाटली बंद केली. मग म्हणाली, “म्हणून ट्रेक.”

“म्हणून.”

“आईला माहीत आहे?”

“नाही.”

जानू मध्येच हसला. उपहासाने नव्हे, लहान मुलाची थाप पकडल्यावर हसतात तसा. “खोटा कित्याक बोलतास सायबानू? बापूस थय झऱ्यार पाणी भरूक गेल्लो. थयसून त्येणा वर बगल्यान. तुमी माथ्यार उबे. हातात तांबडो डबो. बापाशीन हात हलयल्यान, तर तुमी पण हलयलात. बापूस मरेसर सांगी होतो. देवबागचो सायेब एकटो चढलो म्हणान.”

झोरे म्हातारा पाण्याला गेला होता, हे खरे आहे. तो परत आल्यावर मी त्याला ‘झाले, चला’ एवढेच म्हणालो होतो, हेही खरे. एखाद्याने खोटे सांगितले की ऐकणारा ते डोळ्यांनी पाहिल्यासारखे सांगू लागतो. साक्षीपुरावे तपासताना मी हे अनेकदा पाहिले आहे. मी जानूला तसे म्हणालो.

“बापूस खोटा बोलणारो नव्हतो,” तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता.

“मीही तसे म्हणत नाही. खोटे मी बोललो. त्याने ते खरे मानले.”

तो उठला आणि दोर सोडू लागला.

कातळाखाली उभा राहिलो. भीती वाटली. तळहात ओले झाले, डावीकडची दरी कानात वाजू लागली. आराखड्यात तिला दहा मिनिटे दिली होती. ती सात मिनिटांत बसली. मग जानू वर चढून दोर बांधून उभा राहिला, अनघा खाली दोर धरून, आणि मी हात घातला.

मध्यावर एक जागा आहे जेथे कातळ पोट पुढे काढतो. वर धरायला काही दिसत नाही. जानू वरून ओरडला, “डावो हात, सायबानू! डावो हात वर!” माझा उजवा हात कातळाच्या कोपऱ्याला वळसा घालून पलीकडे गेला. मी तो नेला नाही. तो गेला. पलीकडे, जेथे मला दिसणे शक्य नव्हते, चार बोटे बरोबर बसतील अशी खाच होती. ती धरून मी वर आलो.

जानू मला वर ओढून घेऊन तसाच बसून राहिला. “ती खाच तुमका कशी गावली?”

“चाचपडत होतो.”

“चाचपडूक नाय. मी बगलंय. सरळ गेलो तुमचो हात.” त्याने कपाळावरचा घाम पुसला. “माज्या बापाशीची खाच ती. छिन्नयेन काडलेली. दोर नसताना लागता. कोणाक दाखवणव नाय आमी.”

मी म्हणालो, योगायोग. अजूनही तेच म्हणतो. परंतु ही नोंद मी गाळणार नाही.

मागून अनघा दोराने वर आली. पुढे गवताचा उतार, दोनशे पावले. माथा अकरा-पंचवीसला. वारा होता. पश्चिमेला धूसर, समुद्र दिसला नाही. पूर्वेला कर्नाटकातले रान. मध्ये दगड.

खूण जागेवर होती. काळा घडीव दगड, गुडघ्याएवढा, माथ्यावर जुन्या काळच्या छिन्नीने कोरलेल्या तीन रेषा. शेवटची वाट वळसा घेऊन पूर्वेकडून येते, म्हणून आधी ती बाजू पाहिली. मग वळसा घालून कोकणाकडची बाजू पाहिली.

त्या बाजूवर तांबड्या रंगात लिहिलेले होते. रंग विटेसारखा फिका झालेला, पण अक्षर अन् अक्षर वाचता येत होते. खुणेचा क्रमांक. त्याखाली ‘प्र. पा.’, म्हणजे प्रत्यक्ष पाहिली. त्याखाली ६-३-८६. त्याखाली २.४०, आणि वेळेखाली आडवी रेघ. त्याखाली माझी सही.

अक्षर माझे होते. वेळेखाली रेघ ओढायची सवय माझी. खात्यात दुसऱ्या कोणाची नव्हती.

मी किती वेळ उभा होतो ते मला सांगता येणार नाही. घड्याळ पाहिले नाही. ही त्या दिवसातली एकमेव वेळ जी माझ्याकडे नाही.

मग गुडघे टेकले. पूजेसाठी नव्हे, जवळून पाहण्यासाठी. नखाने खरवडून पाहिले. रंग दगडाच्या छिद्रांत उतरलेला होता. तेथे आडोसा नाही, वळचण नाही. घाटमाथ्याचा एकोणचाळीस वर्षांचा पाऊस त्या रंगावरून गेलेला असायला हवा. असला रंग पाच पावसाळे टिकत नाही. मी आयुष्यभर तो वापरला आहे.

शक्यता मी तेथेच तपासल्या. चेनमनांपैकी कोणी लिहिले? ते खिंडीत होते, आणि दोघांना सही सोडून लिहिता येत नव्हते. झोरे म्हाताऱ्याने लिहिले? त्याला अक्षरओळख नव्हती आणि डबा दरीत होता. मागाहून कोणी खात्यातल्याने? २.४० ही वेळ फक्त नोंदवहीत होती, आणि ती माझ्या डोक्यातून निघालेली होती. जी वेळ घडलीच नाही, ती दगडावर लिहिण्याचे कोणाला काय कारण?

अनघाने मोबाइलवर फोटो काढले. अशा गोष्टींत फोटोत काही उमटत नाही, अशी वाचकांची अपेक्षा असते. त्यांची निराशा होईल. फोटो उत्तम आला आहे. मजकूर दगडापेक्षा फोटोत अधिक स्वच्छ दिसतो. मी तो प्रसिद्ध करणार नाही. कारण पुढे येईल.

“बाबा,” अनघा माझ्या शेजारी बसली, “एक विचारू? रागावू नका. कदाचित... तुम्ही खरंच वर आला होतात आणि विसरलात, असं असेल?”

“नाही.”

“माणसाला धक्का बसला की...”

“अनघा, त्या झाडाखाली मी चाळीस मिनिटे बसलो होतो. बुटाच्या नाडीला एक मुंगी चढत होती. ती पाहत मी नोंद लिहिली. मला ते आठवते. गेली एकोणचाळीस वर्षे आठवते. मी भित्रा ठरलो होतो. ते माझे आहे, आणि ते मी या दगडाला देणार नाही.”

जानू हात जोडून उभा होता. “देवान तुमचो शबूद खरो केल्यान सायबानू. आता तरी पाया पडा.”

मी उठलो आणि मोठ्याने म्हणालो, कारण वारा होता : “हा दगड खोटे सांगतो आहे. सहा मार्च शहाऐंशीला मी येथे नव्हतो.”

“सायबानू! शिवेचो देव आयकता!”

“ऐकू दे. त्याच्यापुढे सकाळी चुकीचे विधान झाले, ते तुम्ही दुरुस्त केले नाही. मी केले.”

जानूने कानांना हात लावले. काही झाले नाही. वारा होता तेवढाच राहिला.

पिशवीच्या कप्प्यात मी रंगाचा लहान डबा व कुंचला आणला होता. खरी तारीख घालावी असे योजले होते. परंतु तेथे उभे राहिल्यावर लक्षात आले की हद्दीच्या दगडावर लिहिण्याचा अधिकार निवृत्त माणसाला नाही. डबा न उघडता पिशवीतच ठेवला. या वेळी दरीत टाकला नाही.

बारा-दहाला उतरायला लागलो. उतरताना ती खाच मी डोळ्यांनी पाहिली, तेव्हा कळले की वरून पाहिल्याशिवाय ती दिसतच नाही. चार-पस्तीसला धनगरवाड्यात. जानूने पाणी दिले, चहा दिला. निघताना एवढेच म्हणाला, “सायबानू, परत येव नकात.” धमकी नव्हती. काळजी होती. मी हात जोडले, त्याला, माणसाला.

गाडीत बसल्यावर रेंज आली. अनघाने आईला फोन लावून सर्व सांगितले, स्पीकरवर. परबचे आणि खोट्या नोंदीचेही, कारण आता लपवण्यासारखे काही उरले नव्हते. तिने सर्व ऐकून घेतले. मग :

“आयकतत ते?”

“ऐकतोय,” मी म्हणालो.

“देवान तुमची लाज राखल्यान. इतक्या वर्सांनी राखल्यान. आता गप रवा. कागद लिवीत बसू नकात.”

“माझी लाज राखायला मी कोणाला सांगितले नव्हते.”

“बगा मगे,” ती म्हणाली. “गुडघ्याक तेल गरम करून ठेवतंय.” आणि फोन ठेवला.

तिचे म्हणणे चुकीचे नव्हते, एवढे मला मान्य केले पाहिजे. नोंदवही सांगते मी गेलो. दगड सांगतो मी गेलो. मेलेला साक्षीदार सांगतो त्याने मला पाहिले. मी गेलो नाही असे म्हणणारा या जगात एकटा मी. गप्प राहिलो असतो तर नोंद खरी ठरली असती, आणि १९९९ चा अहवाल एका स्वच्छ माणसाने लिहिलेला ठरला असता. परब मात्र होता तेथेच राहिला असता.

कसालला हायवेवर त्याचे पत्रे-सिमेंटचे दुकान आहे. मालवणचा फाटा तेथूनच फुटतो. इतकी वर्षे मी तेथून गाडीची काच वर करून गेलो आहे. सहा-पाचला मी अनघाला गाडी थांबवायला सांगितले.

परब आता पंचावन्नचा असेल. केस पांढरे, चष्मा. गल्ल्यावर बसला होता. त्याने मला ओळखले. बुटांवरची माती, हातातली काठी, सगळे पाहिले. उठला नाही.

“या सायेब. पत्रे व्हये की सिमेंट?”

मी उभ्यानेच सांगितले. तारीख, झाड, २.४०. तो ऐकत राहिला. दुकानातल्या गड्याला त्याने हाताने बाहेर जायला खुणावले.

“पंचवीस वर्सांनी?” तो म्हणाला.

“होय.”

“पुरावो?”

“पुरावा उलटा आहे.” मी अनघाकडून मोबाइल घेऊन फोटो त्याच्यापुढे ठेवला.

त्याने फोटो मोठा करून पाहिला. त्यालाही माझी रेघ ओळखता आली. “हयसर तर तुमी वर गेल्याचाच दिसता.”

“दिसते. ते खोटे आहे. कसे झाले ते मला माहीत नाही.”

परब मोबाइलकडे बघत राहिला. मग हसू लागला. आधी नाकातून, मग पोटातून, चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत. “सायेब, तुमी बदलूक नाय. माजी चौकशी लावलात, ती लावलात. आता दगडाची पण चौकशी लावलात!”

“कागद द्या,” मी म्हणालो.

त्याने वही आणि कार्बन पेपर पुढे केला. त्याच्या गल्ल्याच्या बाजूला उभे राहून मी खात्याच्या नावे अर्ज लिहिला, तीन प्रतींत. सहा ओळी : ६ मार्च १९८६ रोजीची माझी नोंद मी जागेवर न जाता केली. सदर खूण मी ११ जानेवारी २०२५ रोजी प्रथम पाहिली. खुणेवर माझ्या अक्षरात जो मजकूर आढळतो तो मी लिहिलेला नाही, व तो माझ्या बाजूने पुरावा म्हणून धरू नये. १९९९ चा माझा अहवाल मी, तो लिहिण्याचा नैतिक अधिकार नसताना लिहिला. सही. खाली : प्रत माहितीसाठी — श्री. विलास परब, कसाल.

परबने प्रत वाचली. आता तो हसत नव्हता. “ह्येचा माका काय करूचा?”

“काही नाही. मिळाली म्हणून सही करा. तारीख आणि वेळ घाला.”

त्याने पेन हातात घेतले, थोडा थांबला. “वेळ खरी घालू ना सायेब?”

“खरी घाला.”

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून ६.२५ लिहिले. मग गड्याला हाक मारून माझ्यासाठी खुर्ची मागवली. मी बसलो. पाणी प्यायलो.

ज्यांना स्पष्टीकरण हवे आहे त्यांच्यासाठी : माझ्याकडे नाही. अनघाकडे तीन आहेत, तिन्ही मी तपासून बाद केली आहेत. जानूकडे एक आहे, ते तपासता येत नाही. माझ्या मते, ज्याचे स्पष्टीकरण नाही ते माझ्या सोयीचे आहे एवढ्यावर मान्य करण्याचे कारण नाही. दगड तेथे आहे. त्यावर मजकूर आहे. मी तो लिहिलेला नाही. फोटो माझ्या बाजूने खोटी साक्ष देतो, म्हणून तो प्रसिद्ध करत नाही.

सव्वासातला घरी पोचलो. बूट धुऊन पायरीवर उपडे ठेवले. गुडघ्याला तेल लावून घेतले. मूळ अर्ज पाकिटात घालून पत्ता लिहिला, पोचेच्या प्रतीला भोके पाडून ती नव्या फाइलला लावली. फाइलीवर विषयाच्या जागी ‘चुकीची नोंद’ असे लिहिले. ते खोडले, आणि ‘खोटी नोंद’ असे लिहिले.